चेहरे क्रिएटरचे, नाव एजन्सीचं: डिजिटल टॅलेंट एजन्सीचं ब्रँडिंग आणि कंटेंट कसं उभं करायचं

टॅलेंट एजन्सी, म्हणजे रील-व्हिडिओ करणाऱ्या क्रिएटरना ब्रँडची कामं मिळवून देणारी आणि त्यांचे व्यवहार सांभाळणारी संस्था. ती चालवणाऱ्याची अडचण जरा विचित्र असते. लोक ओळखतात ते क्रिएटरला. रील त्याचं, चेहरा त्याचा, कमेंटमधलं कौतुकही त्याचंच. एजन्सीचं नाव दिसतं ते बायोमधल्या मेल आयडीत, नाहीतर इन्व्हॉइसच्या लेटरहेडवर. एजन्सीचं स्वतःचं पेज उघडावं तर तिथे पुन्हा क्रिएटरचेच फोटो, खाली ब्रँडच्या लोगोंची रांग आणि मधूनमधून ऑफिसातल्या दिवाळीचे व्हिडिओ. उद्या मोठा क्रिएटर दुसरीकडे गेला की पेजवर दिवाळी तेवढी उरते.

म्हणून क्रिएटर आले-गेले तरी एजन्सीकडे काय राहणार, हे आधी ठरवायचं आणि कंटेंट त्यावरच करायचा. राहतं ते असं: तुमच्या विषयाची जाण, आकडे मांडायची पद्धत, कराराच्या अटी आणि वेळेवर पैसे पोचवायची सवय. यातलं काहीच फोटोजेनिक नाही, पण एजन्सी विकते ती याच्याच जोरावर.

उदाहरणादाखल मराठी शेती-क्रिएटर सांभाळणारी छोटी एजन्सी धरू. तीन-चार माणसं, पुण्यात किंवा नाशकात भाड्याचं ऑफिस, दहा-बारा क्रिएटर. रेसिपी, कॉमेडी आणि कोकण भटकंती यांत गर्दी झाली आहे. त्या मानाने शेतीत गर्दी कमी आणि जाहिरात करणाऱ्या कंपन्या भरपूर. तुमचा विषय वेगळा असला तरी कामांचा क्रम हाच ठेवा.

पहिलं काम: कोणासाठी, हे एका ओळीत लिहा

‘आम्ही ३६० अंशांत क्रिएटिव्ह सोल्युशन्स देतो’ या वाक्यावर कुठल्याही एजन्सीचं नाव चिकटवता येतं, त्यामुळे ते कोणाचंच नसतं. त्याऐवजी असं लिहा: ‘नाशिक, सांगली, सोलापूर पट्ट्यातल्या द्राक्ष-डाळिंब शेतकऱ्यांपर्यंत पोचणारे मराठी क्रिएटर.’ ही ओळ वाचून ठिबकवाला, फवारणी पंपवाला, पीकपोषणाची उत्पादनं विकणारा असे सगळे लगेच ओळखतात की हे आपल्या कामाचे आहेत. लिपस्टिकवाला ओळखत नाही, तेही चांगलंच. नको त्या चौकशीला उत्तर देण्यात छोट्या एजन्सीचा निम्मा दिवस जातो.

ओळ लिहिली की तिची परीक्षा घ्या. तुमच्या टीमला द्राक्षाची खरड छाटणी एप्रिलच्या सुमारास आणि फळछाटणी सप्टेंबर-ऑक्टोबरात असते, हे विचारल्याबरोबर सांगता येतं का? डाळिंबात मृग, हस्त आणि आंबे हे बहार (फळ धरायचे हंगाम) वेगळे धरतात आणि त्यानुसार औषधं-खतांची खरेदी सरकते, हे माहीत आहे का? येत नसेल तर लोगोवर खर्च करण्याआधी चार दिवस शेतात आणि कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर उभं राहा. ब्रँड मॅनेजर बहुतेक वेळा मुंबईत बसलेला असतो. त्याला हंगामाचं गणित समजावून सांगणारा माणूस हवाच असतो, आणि ते गणित क्रिएटरपेक्षा एजन्सीने सांगितलेलं जास्त उपयोगी, कारण एजन्सीला सगळे पट्टे एकत्र दिसतात.

नाव, लोगो आणि ‘शेतकऱ्यांसाठी’

नाव संस्थापकाचं ठेवू नका आणि सर्वांत मोठ्या क्रिएटरच्या गाजलेल्या डायलॉगवरून तर मुळीच नको. नाव सुचलं की ट्रेडमार्क रजिस्ट्रीच्या मोफत सार्वजनिक शोधात ते तपासा. जाहिरात आणि व्यवसाय व्यवस्थापनासाठी वर्ग ३५, मनोरंजनासाठी वर्ग ४१. एजन्सीला पहिला हवाच, स्वतःचे पॉडकास्ट किंवा कार्यक्रम करणार असाल तर दुसराही. व्यक्ती किंवा लघुउद्योग म्हणून ऑनलाइन अर्ज केला तर दर वर्गाला ४,५०० रुपये शुल्क आहे. नोंदणी मिळाली की ती १० वर्षं चालते, पुढे नूतनीकरण करता येतं. नोंदणी होईपर्यंत नावापुढे ‘टीएम’ लावायला हरकत नाही. गोलातला ‘आर’ मात्र नोंदणीनंतरच, आधी लावला तर तो कायद्याने गुन्हा ठरतो.

लोगो बनवणाऱ्याला एक चाचणी द्या. त्याच्याकडून ‘शेतकऱ्यांसाठी’ हा शब्द पोस्टरच्या आकारात लिहून घ्या. बरेच फॉन्ट आणि त्याहून जास्त डिझायनर इथेच अडतात. ‘ऱ्या’मधला अर्धा र आडव्या कोयत्यासारखा यायला हवा. टाइप करताना चूक झाली की तिथे डोक्यावर रफार बसतो आणि शब्द ‘शेतकर्यांसाठी’ होतो. मराठी वाचणाऱ्याला ते लगेच खटकतं. त्याच वेळी ‘ल’ आणि ‘श’ही बघा. मराठीतला पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ हिंदी वळणाच्या फॉन्टमध्ये वेगळे दिसतात. ‘क्रिएटर’ लिहिताना पहिली वेलांटी उडी मारून भलतीकडे जात असेल, तर दोष फॉन्टचा नाही. अडोबीच्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिपींसाठीचा कंपोझर सुरू करायचा राहिलेला असतो. मुंबईच्या ‘एक टाइप’चे ‘मुक्ता’ आणि ‘बालू’ हे फॉन्ट मुक्त परवान्याचे आहेत, आणि ‘तिरो देवनागरी मराठी’ तर मराठी अक्षरवळण डोळ्यांसमोर ठेवूनच केलेला आहे. मोबाइलच्या स्क्रीनवर, उन्हात, बांधावर उभं राहून वाचता येईल असा जाड फॉन्ट घ्या. ऑफिसच्या मॉनिटरवर नाजूक अक्षर छान दिसतं, पण वाचक तिथे बसलेला नाही.

रंग, टॅगलाइन, व्हिजिटिंग कार्ड यावर एका दुपारपेक्षा जास्त वेळ घालवू नका.

रोस्टर पेज: सरासरी काढून टाका

ब्रँडवाला वेबसाइटवर येतो तो रोस्टर, म्हणजे तुमच्या क्रिएटरची यादी, बघायला. तिथे ‘१ मिलियन प्लस रीच’ लिहिलेलं असलं की त्याचा विश्वास कमी होतो, कारण तेच त्याने सकाळपासून पाच ठिकाणी वाचलेलं असतं.

समजा एका क्रिएटरच्या गेल्या दहा रील्सचे व्ह्यूज असे आहेत: १२,०००, ९,०००, १४,०००, ११,०००, ८,०००, १३,०००, १०,०००, ९,५००, १२,५०० आणि एक व्हायरल ४,१०,०००. सरासरी निघते ५०,९००. हा आकडा मीडिया किटमध्ये, म्हणजे ब्रँडला पाठवायच्या माहितीपत्रकात, टाकायचा मोह सगळ्यांनाच होतो. पण ब्रँडचं रील येणार तेव्हा त्याला मिळणार ११-१२ हजार. आकडे चढत्या क्रमाने लावले तर मधले दोन ११,००० आणि १२,००० येतात, म्हणजे मध्यक ११,५००. हाच आकडा छापा. खाली छोटी ओळ टाका: ‘गेल्या ९० दिवसांतील पेड नसलेल्या रील्सचा मध्यक, अमुक तारखेपर्यंत.’ पहिल्या बैठकीत हा आकडा इतरांपेक्षा लहान दिसेल आणि एखादं डील जाईलही. पण ज्या ब्रँडने सरासरीवर भरवसा ठेवून हात पोळून घेतले आहेत, तो दुसऱ्या वर्षी तुमच्याकडेच येतो.

प्रत्येक क्रिएटरच्या पानावर आणखी इतकं असू द्या: इनसाइट्समधली टॉप शहरं आणि वयोगट (स्क्रीनशॉटसकट), कोणत्या पिकावर बोलतो, स्वतःची शेती आहे का, कोणत्या उत्पादनांना नाही म्हणतो. ‘कशाला नाही’ ही ओळ लोक लिहीतच नाहीत. क्रिएटरचा फोटो स्टुडिओतला नको, शेतातलाच घ्या. पांढऱ्या बॅकग्राउंडवर इस्त्रीचा शर्ट घातलेला शेतकरी कोणालाच खरा वाटत नाही.

कंटेंटचे दोन प्रवाह

एजन्सीला गिऱ्हाइकं दोन प्रकारची असतात. एकीकडे क्रिएटर, दुसरीकडे ब्रँड. दोघांच्या शंका वेगळ्या, भाषा वेगळी, आणि ते भेटतात त्या जागाही वेगळ्या. एकाच पोस्टमध्ये दोघांना खूश करायला गेलं की ‘एक्सायटेड टू अनाउन्स’ छापाचं काहीतरी तयार होतं.

सुरुवात इनबॉक्सपासून करा. आजवर क्रिएटरने व्हॉट्सॲपवर आणि ब्रँडने मेलवर विचारलेले प्रश्न एका शीटमध्ये त्यांच्याच शब्दांत उतरवा. ‘सर, पैसे कधी येणार’ हा प्रश्न तसाच लिहा, ‘पेमेंट सायकलविषयी जिज्ञासा’ असं करू नका. हीच तुमची वर्षभराची विषयसूची. ट्रेंडिंग ऑडिओ शोधत बसण्यापेक्षा ती जास्त चालते.

क्रिएटरसाठीचा कंटेंट मराठीत, इन्स्टाग्राम, यूट्यूब आणि व्हॉट्सॲप चॅनलवर द्या. विषय घ्यायचे ते असे, की ज्यावर त्याला दुसरं कोणी सरळ बोलून सांगत नाही.

बार्टर, म्हणजे पैशांऐवजी वस्तू घेऊन केलेलं काम, हा त्यातला एक. कंपनीने रिव्ह्यूसाठी पॉवर विडर (तण काढायचं यंत्र) पाठवला आणि तो क्रिएटरकडेच राहिला, तर ते उत्पन्नच आहे. जुलै २०२२पासून नियम असा, की एका देणाऱ्याकडून वर्षात २०,००० रुपयांपेक्षा जास्त किमतीचा असा लाभ मिळाला तर त्यावर १० टक्के टीडीएस लागतो. वस्तू परत केली तर प्रश्न मिटतो. ‘फुकट मिळालं’ म्हणून स्टोरी टाकणाऱ्या पोराला हे मार्चमध्ये सीएकडे गेल्यावर कळतं. एजन्सीने तीन मिनिटांच्या व्हिडिओत ते आधी सांगितलं, तर एजन्सीचं नाव त्याच्या लक्षात राहतं.

दुसरा विषय युसेज राइट्स, म्हणजे क्रिएटरचा व्हिडिओ कंपनीने कुठे आणि किती काळ वापरायचा याचे हक्क. कॉपीराइट कायदा, १९५७ म्हणतो की हक्क देताना मुदत लिहिलेली नसेल तर ती ५ वर्षं धरायची आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर संपूर्ण भारत. म्हणजे मुदतीचा रकाना रिकामा ठेवून सही केली, की क्रिएटरचा चेहरा कंपनीच्या जाहिरातीत पुढची पाच वर्षं फिरू शकतो. करारातला तो परिच्छेद स्क्रीनवर दाखवा, नावं झाकून. कुठल्या शब्दाखाली रेघ ओढायची आणि तिथे काय लिहून मागायचं, तेही दाखवा. कायद्यावर नुसतं भाषण दिलं तर कोणी ऐकत नाही. उघडलेला करार मात्र सगळे थांबून बघतात.

तिसरा, अर्थातच, पैसे. तुमचं कमिशन किती टक्के, ते कशावर लागतं, जीएसटी धरून की वगळून, ब्रँडने उशीर केला तर क्रिएटरला काय मिळतं, हे सगळं वेबसाइटवर उघड लिहा. एजन्सी उद्यम नोंदणी असलेला सूक्ष्म किंवा लघु उद्योग असेल, तर लेखी करार असतानाही खरेदीदाराला ४५ दिवसांपेक्षा जास्त मुदत घेता येत नाही, आणि लेखी करारच नसेल तर १५ दिवस. हा २००६च्या एमएसएमई कायद्यातला नियम आहे. आर्थिक वर्ष २०२३-२४पासून आयकरातही त्याची सांगड घातली आहे, त्यामुळे उशीर करणाऱ्या कंपनीला त्या खर्चाची वजावट पैसे देईपर्यंत मिळत नाही. ही ओळ इन्व्हॉइसच्या तळाशी नम्रपणे छापा. मी तर म्हणेन की एजन्सीचा सर्वांत परिणामकारक ब्रँडिंग कंटेंट म्हणजे क्रिएटरच्या खात्यात ठरलेल्या तारखेला आलेला एसएमएस. हा एसएमएस तो दुसऱ्या क्रिएटरला दाखवतोच.

ब्रँडसाठीचा कंटेंट लिंक्डइन, वेबसाइट आणि मेलवर. इथे इंग्रजी चालेल, पण नमुना कॅप्शन, कमेंट मराठीतच ठेवा आणि खाली अर्थ द्या. मुख्य माल म्हणजे केस स्टडी. ‘उत्तम प्रतिसाद मिळाला’ याला केस स्टडी म्हणत नाहीत. ती कशी लिहायची, ते एका कल्पित उदाहरणावर बघू.

ठिबक कंपनीचं ब्रीफ, म्हणजे काय हवं ते सांगणारी सूचना, आलं: कांदा उत्पादकांसाठी ६० सेकंदांचं रील, त्यात पाच फायदे. एजन्सीने क्रिएटरशी बोलून सुचवलं की फायदे सगळ्यांना पाठ आहेत, शेतकरी अडतो तो लॅटरल (ठिबकची नळी) चोकअप झाल्यावर. रील बदललं. क्रिएटर नळीच्या टोकाची एंड कॅप काढतो, पाणी सोडतो, आधी गढूळ आणि मग स्वच्छ पाणी येताना दिसतं, आणि पुढे ॲसिड ट्रीटमेंट करताना काय काळजी घ्यायची ते सांगतो. केस स्टडीत मूळ ब्रीफ, बदललेली कल्पना आणि बदलाचं कारण ही तीनही येऊ द्या. त्यानंतर आकडे: व्ह्यूज, सेव्ह, शेअर. आणि कमेंटचं वर्गीकरण: किती जणांनी किंमत विचारली, किती जणांनी डीलरचा नंबर, किती जणांनी तक्रार केली. तक्रारी लपवू नका. ‘अमुक भागात सर्व्हिस मिळत नाही, असं अनेकांनी लिहिलं’ ही ओळ ब्रँड मॅनेजरला व्ह्यूजपेक्षा मोलाची वाटते, कारण ती घेऊन तो सेल्सवाल्यांच्या बैठकीत जाऊ शकतो. प्रसिद्ध करण्याआधी ब्रँड आणि क्रिएटर दोघांची लेखी परवानगी घ्या. ही परवानगी मूळ करारातच मागून ठेवली की नंतर मागे लागावं लागत नाही.

हंगामाचं कॅलेंडर हा दुसरा हुकमी कंटेंट. कुठल्या महिन्यात कुठल्या पट्ट्यातला शेतकरी काय विकत घेतो, याचं एक पानी पीडीएफ करा आणि ते खरिपाच्या बरंच आधी, फेब्रुवारी-मार्चमध्ये पाठवा. बियाण्यांच्या आणि खतांच्या मोहिमा पेरणीपूर्वी ठरतात. जूनमध्ये पाऊस पडल्यावर मेल टाकून उपयोग नाही. डिसेंबरमधलं पुण्याजवळच्या मोशीचं किसान प्रदर्शन आणि जानेवारीतलं बारामतीचं कृषिक, इथे स्टॉल न घेताही काम होतं. दोन दिवस फिरून कोणत्या स्टॉलवर गर्दी होती आणि शेतकरी काय विचारत होते, याची टिपणं त्याच आठवड्यात लिंक्डइनवर टाका. प्रदर्शनाला न आलेला ब्रँडवाला ती वाचतोच, आणि आलेला तर स्वतःच्या स्टॉलचा उल्लेख शोधायला वाचतो.

नियम हेच कंटेंट

जाहिरात आहे हे सांगायची आपल्याकडे अजून लाज वाटते. एजन्सीने ती मोडायला हवी. जाहिरात मानक परिषदेने, म्हणजे ‘आस्की’ने, इन्फ्लुएन्सरसाठीची मार्गदर्शक तत्त्वं जून २०२१पासून लागू केली. लेबल सुरुवातीलाच आणि सहज दिसेल असं हवं, हॅशटॅगच्या गर्दीत पुरलेलं नको. व्हिडिओ १५ सेकंदांपर्यंतचा असेल तर लेबल किमान ३ सेकंद, त्याहून मोठा पण २ मिनिटांच्या आतला असेल तर लांबीच्या एक-तृतीयांश वेळ, आणि २ मिनिटांहून मोठा असेल तर ज्या भागात ब्रँडविषयी बोलणं आहे तो संपूर्ण भाग. मराठी व्हिडिओत ‘जाहिरात’ हा साधा शब्द चालतो. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल ग्राहक संरक्षण कायदा, २०१९नुसार जाहिरात करणाऱ्या व्यक्तीलाही १० लाखांपर्यंत, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

शेतीत याहून नाजूक भाग औषधांचा. कुठलं कीटकनाशक कुठल्या पिकावर कुठल्या किडीसाठी वापरायचं, हे केंद्रीय नोंदणीतल्या लेबल क्लेमने, म्हणजे औषधाच्या लेबलवर मंजूर झालेल्या वापराने, ठरतं. निर्यातीच्या द्राक्षात अवशेष सापडला तर कंटेनर अडकतो. द्राक्षवाले म्हणूनच पुण्याजवळच्या मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या शिफारशींकडे डोळे लावून असतात. तेव्हा एजन्सीने वेबसाइटवर स्वतःचं धोरण लिहावं: लेबल क्लेम नसलेल्या वापराची जाहिरात आमचा क्रिएटर करणार नाही, ‘एकरी इतके टन हमखास’ असं वाक्य स्क्रिप्टमध्ये असेल तर ते कापलं जाईल, चाचणी प्लॉटवर घेतली असेल तर प्लॉट किती गुंठ्यांचा, हे सांगितलं जाईल. मग प्रत्येक नाकारलेल्या स्क्रिप्टमधलं एक वाक्य, कंपनीचं नाव न घेता, ‘हे का कापलं’ या मालिकेत मांडा. अशी मालिका करायला ना शूटिंग लागतं ना क्रिएटरची तारीख. दर आठवड्याला एक भाग निघतो आणि एजन्सी नेमकं काय काम करते, ते तिच्यातून दिसतं.

किती आणि कोणी करायचं

चार माणसांच्या एजन्सीने रोज पोस्ट टाकायचा संकल्प करू नये, तो गणपतीपर्यंतही टिकत नाही. आठवड्याला क्रिएटरसाठी एक, ब्रँडसाठी एक. महिन्याला एक केस स्टडी. वर्षात दोन हंगामी पीडीएफ, खरीप आणि रब्बी. लिहायचं काम डील करणाऱ्यानेच बोलून टाकावं, व्हॉइस नोटवर, आणि दुसऱ्याने ते नीट करावं. बाहेरच्या लेखकाला ‘आमच्याविषयी काहीतरी छान लिहा’ म्हटलं की पुन्हा ३६० अंश येतात.

मोजमापासाठी एजन्सीच्या पेजचे फॉलोअर्स बघत बसू नका. चौकशीच्या फॉर्ममध्ये ‘आमच्याविषयी कुठून कळलं?’ हा प्रश्न ठेवा आणि उत्तर मोकळ्या जागेत लिहू द्या. दर तीन महिन्यांनी चार गोष्टी तपासा: आपल्या ओळीत बसणाऱ्या चौकशा किती आल्या, जुना ब्रँड दुसऱ्यांदा आला का, नवा क्रिएटर कोणाच्या शिफारशीने आला आणि बैठकीत कोणी आपल्या केस स्टडीतलं वाक्य बोलून दाखवलं का. शेवटची गोष्ट शीटमध्ये मोजता येत नाही, पण ती घडू लागली की कंटेंट पोचतोय असं समजा.

क्रिएटर जातो तेव्हा

हे कधीतरी होणारच, म्हणून कागद आधीच तयार ठेवा. करारात लिहून घ्या: नोटीस किती दिवसांची, चालू मोहिमा कोण पूर्ण करणार, आपण आणलेल्या ब्रँडच्या पुढच्या डीलवर कमिशन किती महिने, आणि जुन्या केस स्टडी वेबसाइटवर ठेवायला संमती आहे की नाही.

तो गेला त्या दिवशी रोस्टरवरून त्याचं पान काढा आणि ‘माजी क्रिएटर’ या यादीत नाव घाला. चालू ब्रँडना त्याच दिवशी मेल करा: कोणतं रील कधी येणार, अप्रूव्हल कोण देणार, संपर्क कोणाशी. त्याच्या बायोमधला एजन्सीचा मेल आयडी बदलायला सांगा आणि जुन्या आयडीवर आलेली चौकशी महिनाभर तरी त्याच्याकडे पाठवत राहा. सोशल मीडियावर एकच पोस्ट टाका, दोन वाक्यांची, एकत्र केलेल्या एखाद्या कामाच्या दुव्यासह. खाली लोक भांडणाचा वास घेत कमेंट करतील, त्यांना उत्तर देऊ नका. शिल्लक रकमेचा हिशेब आणि टीडीएसची प्रमाणपत्रं त्याने मागायच्या आधी पाठवा. तो पुढची काही वर्षं बाकीच्या क्रिएटरना तुमच्याविषयी सांगणार आहे, आणि ती माहिती याच आठवड्यात तयार होते.